पहिलं सापडलं की थांबतं

सरांना ‘कुठं’ या शब्दाचा राग होता. रस्त्यात कुणी थांबवून “सर, कुठं निघालात?” असं म्हटलं की ते स्कूटर बंद करत, एक पाय जमिनीवर टेकवत आणि विचारणाऱ्याकडे असे बघत, की त्या बिचाऱ्यानं पुन्हा जन्मात कुणाला तसं विचारू नये. घरी फोन करून “सर कुठं आहेत?” विचारलं आणि फोन त्यांनीच उचललेला असला, तर उत्तर ठरलेलं असे.

“आहेत का, ते आधी विचार. नसलेल्या माणसाची जागा विचारणाऱ्याला काय म्हणावं?”

धारवाडात मळमड्डीला आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. पूर्वी ते हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. तिथं काय झालं याच्या गल्लीत निरनिराळ्या कथा होत्या. कुणी म्हणे, नक्कल केलेले प्रोग्रॅम पास करायला नकार दिला. कुणी म्हणे, प्रिन्सिपॉलांच्या अंगावर खडू फेकला. दोन्ही खरं असणं सहज शक्य होतं. सरांना विचारलं तर ते म्हणत, “मी नोकरी सोडली नाही. नोकरीनं मला यादीतून काढलं.” मग त्यांनी पुढच्या खोलीत फळा लावला, दोन जुने कॉम्प्युटर मांडले आणि प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला. मी त्या क्लासची विद्यार्थिनी. पुढं हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका ऑफिसात नोकरीला लागले, तरी राहायला गल्लीतच होते, म्हणून सरांचा सहवास सुटला नाही. सुटावा असं अधूनमधून वाटायचं, हेही खरं.

क्लासात पहिले कितीतरी दिवस कॉम्प्युटरला हात लावू देत नसत. सतरंजीवर आम्हाला एका ओळीत बसवायचं, प्रत्येकाच्या हातात स्वयंपाकघरातली एकेक वस्तू द्यायची: झाकण, पळी, किसणी, चिंचेचा गोळा. ही झाली यादी. मग आमच्यातल्या एकाला उठवायचं. तो यंत्र. यंत्रानं डाव्या टोकापासून सुरुवात करायची, पहिल्यासमोर ‘शून्य’ म्हणायचं, कारण यंत्र शून्यापासून मोजतं, त्याच्या हातातली वस्तू बघायची, ती हवी ती नसेल तर पुढं सरकायचं. यादीतली एखादी वस्तू कितव्या जागी आहे हे शोधणं, हा त्यांचा पहिला धडा आणि बहुतेक शेवटचाही. बाकीचं सगळं यातच आहे, असं त्यांचं म्हणणं.

“मान वर करू नकोस!” ते ओरडत. “यंत्राला पुढचं दिसत नाही. तू माणूस नव्हेस आता.”

एकदा सरांनी मुद्दाम दोघांच्या हातात पळ्या दिल्या. एक ओळीच्या मधे, एक शेवटी. यंत्र झालेल्या मुलीनं मधली पळी गाठली, तिची जागा सांगितली आणि थांबली. शेवटी बसलेला मुलगा न राहवून म्हणाला, “सर, माझ्याकडं पण आहे की पळी.”

सरांनी फळ्यावर हात आपटला. “तुला कुणी विचारलं? यंत्राला काय विचारलं होतं? पळी कितव्या जागी? पहिली सापडली, थांबलं. संपलं त्याचं काम. दुसरी पळी तिथं रडत बसली तरी त्याला ऐकू येत नाही. दुसरीही असेल, हे कुणी बघायचं? लिहिणाऱ्यानं.”

आतून काकूंचा आवाज आला, “लिहिणाऱ्यानं माझ्या दोन्ही पळ्या आत द्याव्यात. आमटी खाली लागायलीय.”

आणि वस्तू यादीत नसलीच तर? आम्ही सांगायचं, “यंत्र नाही म्हणतं.” सर मान हलवत. “नाही म्हणत नाही. बोंब मारतं आणि बंद पडतं. म्हणून आधी काय विचारायचं?”

“आहे का.”

“आणि मग?”

“कुठं.”

हा एवढा एक ‘कुठं’ त्यांना चालत असे.

काकू म्हणजे सरांची बायको. कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नाव शांता, आणि आडनाव असं, की मळमड्डीत मोठ्यानं उच्चारलं तर निम्म्या खिडक्या उघडाव्यात. सरांना घाबरत नाही असं धारवाडात एकच माणूस होतं. त्या दिवसातून कितीदा तरी मुद्दाम विचारत, “चष्मा कुठं ठेवलात? किल्ल्या कुठायत? कालचं पेपर कुठं टाकलात?” आणि सर निमूट उत्तर देत. “टीव्हीवर.” “खुंटीला.” आम्ही मुलं एकमेकांकडं बघून डोळे मोठे करत असू. मूलबाळ नव्हतं. सर कुणाला टाकून बोलले की त्या संध्याकाळी काकू त्या पोराच्या घरी गिरमिटाचा, म्हणजे आमच्याकडच्या चुरमुऱ्यांच्या भेळेचा, डबा घेऊन जात आणि त्याच्या आईशी सरांविषयी एक अक्षरही न बोलता तासभर गप्पा मारून येत. क्लास टिकला तो त्या डब्यांवर.

सरांनी कुणाची स्तुती केलेली मला आठवत नाही. अपवाद विनायकचा. जुन्या हुबळीतला मुलगा, वडिलांचं शिलाईचं दुकान. त्याचा एक प्रोग्रॅम बघून सर म्हणाले, “बरं आहे.” विनायक त्या दिवशी बसनं न जाता हुबळीपर्यंत चालत गेला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा सरांचा क्लास आधीच बंद होता. फळा पुसलेला, सतरंजी गुंडाळून ठेवलेली. आधी ताप सरांना आला, तो उतरला. मग काकूंना आला, तो उतरेना. दम लागू लागला तेव्हा मी गाडी काढली आणि दोघांना हुबळीच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. कोणतं ते सांगत नाही. तेव्हा सगळीकडं तेच चाललं होतं. फाटकातच काकूंना खुर्चीत बसवून आत नेलं. बरोबर कुणाला येऊ देईनात. काकूंनी वळून सरांना विचारलं, “औषधं कुठं ठेवलीत तुमची, लक्षात आहे न्हवं?”

सर म्हणाले, “फ्रीजवर.”

हे दोघांचं शेवटचं बोलणं.

नातेवाइकांसाठी हॉस्पिटलानं एक फोन नंबर दिला होता. त्यावर रोज सकाळी फोन करायचा, पेशंटचं नाव सांगायचं, की पलीकडची मुलगी संगणकात बघून तब्येत सांगायची. सर फोन करून झाला की अंगणात येत. मी आमच्या गेटशी उभी राहत असे. तोंडावर मास्क, मधे रस्ता, त्यामुळं सगळं ओरडूनच चालायचं.

“ऑक्सिजन कमी केलाय म्हणे!”

दुसऱ्या दिवशी, “झोप लागली म्हणे रात्री!”

त्यानंतर एका सकाळी ते जरा गोंधळल्यासारखे दिसले. “उपीट खाल्लं म्हणाली ती मुलगी. अख्खी बशी. ही उपीटाला कधी हात लावत नाही गं.”

मी म्हटलं, “तिथं दुसरं काय देणार, सर?”

“तेही खरंच. आजारात माणूस बदलतं.” मग म्हणाले, “घरच्यांची आठवण काढती म्हणे सारखी.” आणि ते हसले. त्यांना दात दाखवून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवसांत सर अगदी वेगळे झाले होते. झाडांना पाणी घालायचे. काकू यायच्या आत घर झाडून काढायचं म्हणून त्यांनी कोळ्याची जाळी काढली. मला त्यांनी काकूंचा वाचायचा चष्मा आणि एक धुतलेलं पातळ पिशवीत घालून दिलं. “ऑफिसला जाताना देऊन ये. बसून कंटाळली असेल, पेपर तरी वाचेल.” मी पिशवी हॉस्पिटलच्या फाटकावर दिली. वर काकूंचं नाव आणि सरांचा नंबर लिहिला होता.

त्याच दुपारी वॉर्डातल्या एका नर्सनं सरांना फोन केला. पिशवीवर नंबर होता, त्यावरून. पेशंट चष्मा आपला नाही म्हणतायत, तुम्ही एकदा व्हिडिओवर बोलून घ्या, असं ती म्हणाली. सरांना तो व्हिडिओ लावता येईना. हे त्यांचं नेहमीचं. अख्ख्या गावाला प्रोग्रॅमिंग शिकवलं, पण मोबाइल हातात आला की ते गडबडत. मी ऑफिसातून लवकर आले होते. मी त्यांच्या ओट्यावर बसून फोन लावून दिला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग नर्सचा निळा अंगरखा, आणि मग खाटेवर उशीला टेकून बसलेली एक बाई. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. कपाळ रुंद, केस पांढरे. नर्स कन्नडात म्हणाली, “बोला अज्जा, ऐकू येतंय त्यांना.”

सर बघत राहिले. मला वाटलं, मास्कमुळं त्यांना ओळख पटत नाही. मलाही पटत नव्हती. मग त्या बाईंनी पडद्याकडं बघून दोन्ही हात जोडले, परक्या माणसाला जोडतात तसे.

“तंगी,” सर नर्सला अगदी हळू म्हणाले, “इवरु नम्म मनेयवरल्ल.” पोरी, ही माझी बायको नव्हे.

नर्स म्हणाली, “शांताच न्हवं नाव?” आणि आडनाव सांगितलं. तेही तेच.

“नाव तेच आहे,” सर म्हणाले. “ही ती नव्हे.”

मग त्यांनी विचारलं. मी शेजारीच बसले होते. त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो. त्यांनी ‘माझी बायको कुठं आहे’ असं विचारलं नाही. ते म्हणाले, “माझी बायको आहे का?”

पलीकडून बराच वेळ नुसते आवाज येत राहिले. कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मग फोन बंद झाला.

मी सरांना गाडीत घालून हुबळीला गेले. हॉस्पिटलात एका खोलीत आम्हाला बसवलं आणि एक माणूस आला. तो मॅनेजर असावा. त्यानं जे सांगितलं त्याचा सारांश असा, की काकू दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेल्या होत्या. घरी कळवायला फोन केला गेला होता. पण संगणकानं त्या नावाला जो नंबर दिला तो दुसऱ्या एका शांताबाईंच्या मुलीचा. ती मुलगी फोनवर किंचाळली, की काय बोलताय, माझी आई आत्ता माझ्याशी बोललीय. आणि तिनं फोन आपटला. कळवणाऱ्याला वाटलं, चुकून फोन लागला, नंतर बघू. नंतर त्याच्या मागं अजून कितीतरी फोन होते. काकू शवागारात होत्या. आम्ही झाडांना पाणी घालत होतो, जाळी काढत होतो, तेव्हा त्या तिथंच होत्या.

“फार वाईट झालं, सर,” मॅनेजर म्हणाला. “दोघींचं नाव एकच होतं. आमच्या सिस्टिमला कळलं नाही.”

सरांनी त्याला विचारलं, “नावांची यादी एक, आणि तब्येतीची दुसरी, असंच केलंय न्हवं? नावाची जागा शोधायची आणि त्या जागेवरचं वाचायचं?”

“मला ते टेक्निकल माहीत नाही, सर.”

“कुणी लिहिलंय?”

मॅनेजरनं नाव सांगितलं. विनायक. तो तिथं कॉम्प्युटरचं सगळं बघत होता आणि लाट आली तेव्हा घाईघाईनं त्यानं हा प्रोग्रॅम लिहून दिला होता.

मला वाटलं, आता सर उठतील आणि काहीतरी भयंकर होईल. विनायकला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. सुजलेले डोळे, किती दिवसांत झोपला नव्हता कोण जाणे. सर आहेत हे त्याला बाहेर सांगितलं असावं, कारण तो आत यायच्या आधीच रडत होता.

“दोन माणसं एकाच नावाची आली तर?” सर म्हणाले. “मी शिकवलं होतं का नाही?”

“शिकवलं होतं, सर.”

“मग?”

“रोज माणसं वाढत होती, सर. आज लिही, उद्या चालू कर म्हणाले. मला वाटलं, नंतर करीन दुरुस्त.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नातेवाईक मोठ्यानं ओरडत होता. मग सर म्हणाले, “बस. आत्ता दुरुस्त कर. माझ्यासमोर.”

“सर, आधी काकूंना...”

“ती थांबलीय इतके दिवस. ती थांबंल. आत्ता कुणीतरी फोन करून विचारत असंल.”

विनायक संगणकासमोर बसला. सर त्याच्या मागं उभे राहिले. प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर, नावाऐवजी त्या नंबरानं शोध, आणि नाव दोनदा आलं तर बोलणाऱ्या मुलीला आधी वय आणि गाव विचारायला लावायचं. सर मधे मधे एकेक शब्द सांगत होते. एकदा त्यांनी विनायकच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, धीर द्यायला. पण नव्हे, त्यांना उभं राहवत नव्हतं. मी खुर्ची सरकवली. काम झाल्यावर त्यांनी सगळ्या नावांमधून तपासायला लावलं. एकाच नावाची आणखी काही माणसं निघाली. विनायकनं तिथल्या तिथं त्यांच्या घरी फोन लावून खात्री करून घेतली. एकाही घरी चुकीची बातमी गेलेली नव्हती. चूक त्या एकाच नावाला झाली होती.

मग सर उठले. “चल,” मला म्हणाले. “आता बघतो तिला.”

काचेतून बघू दिलं, तेही लांबून. मी मागं उभी होते. सर किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. मग ते वळले आणि म्हणाले, “हो. हीच.” बाकी सगळं त्या निळ्या अंगरख्यातल्या माणसांनी केलं.

विनायक नंतर कितीदा तरी मळमड्डीला आला. फाटकाशी उभा राहायचा. सर त्याला आत बोलवत नसत आणि हाकलतही नसत. खिडकीतून बघत आणि पुन्हा वाचत बसत. मी एकदा म्हटलं, “सर, त्याला एक शब्द तरी बोला. पोरगं खंगलंय.” ते म्हणाले, “मला राग आला असता तर बोललो असतो.” त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि आजही पुरता कळला आहे असं नाही. विनायकनं ती नोकरी सोडली. वडिलांच्या दुकानात बसतो, असं कळलं.

लाट ओसरल्यावर एका सकाळी सरांच्या दारात रिक्षा थांबली. एक बाई आपल्या मुलीचा हात धरून उतरल्या. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. त्या जुन्या हुबळीच्या दुसऱ्या शांताबाई. मुलगी बाहेरच थांबली. सरांनी मला हाक मारून बोलावून घेतलं. एकटं बसवेना त्यांना.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. बराच वेळ पदराशी खेळत राहिल्या आणि मग कन्नडात म्हणाल्या, “मी यायला नको होतं का?”

सर म्हणाले, “आलात ते बरं केलंत.” मग थोडं पुढं वाकून त्यांनी विचारलं, “ती तुम्हाला दिसली होती का? तुमच्या वॉर्डात?”

मला वाटलं, बाई काहीतरी सांगतील. शांतपणे गेल्या, तुमचं नाव घेत होत्या, असं काहीतरी. कुणीही सांगितलं असतं. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. “सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता, सर. कोण आलं, कोण गेलं, मला शुद्ध नव्हती. खोटं कशाला सांगू.” आणि त्या रडू लागल्या. “मी जगले, याची मला लाज वाटती.”

सरांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, “लाज कसली? ती मुलगी मला रोज तुमचं सांगायची. झोपल्या म्हणायची, जेवल्या म्हणायची. तुमच्या जिवावर मला तेव्हा झोप लागली.”

निघताना सर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. आणि रिक्षा सुरू होताना त्यांनी बाईंचा फोन नंबर मागून घेतला.

तेव्हापासून सर रोज सकाळी त्यांना फोन करत. बोलणं काही नसे. सर विचारत, “आराम अदीरी?” बऱ्या आहात ना? पलीकडून त्या सांगत: काय खाल्लं, झोप लागली का, गुडघा कसा आहे. सर ऐकत, बरं म्हणत आणि फोन ठेवत. त्यांच्या मुलीला आधी विचित्र वाटलं, मग सवय झाली. पुढं पुढं सरांनी फोन लावला की त्या बाई काही विचारायची वाटच बघत नसत, आपणहून सगळं सांगायला लागत. सर गल्लीत कुणाशीही बोलेनासे झाले. क्लास पुन्हा काढा म्हणून मुलांचे आईबाप येऊन गेले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. जेवायला मी डबा देई, तो कधी उघडत, कधी नाही. पण सकाळचा फोन चुकला नाही.

गेल्या थंडीत सर गेले. रात्री झोपेतच. सकाळी डबा द्यायला गेले तेव्हा मला दिसले. मी डॉक्टरांना बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं, माणसं जमली. कुणी कुणाला कळवायचं याची चर्चा सुरू झाली. जवळचं असं कुणी नव्हतंच. ऊन ओट्यावर आलं, आणि टेबलावरचा सरांचा फोन वाजला. सरांचा फोन आला नाही म्हणून आज शांताबाईंनीच लावला होता.

मी उचलला. मी काही बोलायच्या आतच पलीकडून सुरू झालं. काल झोप बरी लागली, सर. गुडघा दुखतोय, पण कालच्याइतका नाही. सकाळी लेकीनं भाकरी केली होती, दोन खाल्ल्या, वर ताक प्यायले. नातू शाळेत गेला.

त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं.